सदतीस नंबरची घळ

हरणाची शिकार कुठे करावी, हे मी सलग चार हंगाम लोकांना सांगत होतो. मी स्वतः आजवर बंदूक हातात धरलेली नाही. लहानपणी एक गलोल होती, तिनेही कधी चिमणी उडाली नाही.

काम जरा चमत्कारिक आहे, म्हणून आधी ते समजावून सांगतो. जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचं मोठं बेट आहे. तिथलं हरीण आपल्या सांबराच्या जवळपास जाणारं, अंगाने दणकट. त्यांची संख्या इतकी वाढली आहे की ती शेतातलं बीट खातात, हिवाळ्यात झाडांच्या साली सोलून खातात, रस्त्यावर गाड्यांना धडकतात. पूर्वी गावोगावचे शिकारी त्यांना आवरायचे. आता ते शिकारी सत्तरीच्या पुढे गेले आणि त्यांची मुलं शहरात नोकरीला लागली. म्हणून गावं बाहेरच्या शिकाऱ्यांना बोलावतात. टोकियोहून, नागोयाहून माणसं विमानाने येतात. परवाना असतो, बंदूक असते, नारिंगी जाकीट नवं कोरं असतं. फक्त जायचं कुठे हे माहीत नसतं.

जंगल बहुतेक सरकारी. त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर दिलेला आहे. शिकाऱ्याने आधी कळवायचं, की अमुक दिवशी मी अमुक नंबरच्या तुकड्यात जाणार. तो नंबर कसा निवडायचा हे सांगणारा नकाशा आमची योकोहामाची छोटी कंपनी एका गावासाठी तयार करत होती. त्या कामाचा प्रमुख मी होतो.

निवड करताना चार प्रश्न विचारायचे असतात. पहिला, तिथे गोळी झाडायला परवानगी आहे का. लाकूडतोड चालू असेल, वस्ती जवळ असेल, तर तो तुकडा बाद. दुसरा, हरीण तिथे का येईल. थंडीत ती दक्षिणेकडच्या उतारावर येतात, कारण तिथला बर्फ लवकर वितळतो आणि खालचं सासा नावाचं बुटक्या बांबूसारखं गवत उघडं पडतं. तिसरा प्रश्न नवशिके विसरतात: पडलेलं हरीण बाहेर कसं काढणार. शंभर किलोचं धूड बर्फातून ओढून गाडीपर्यंत आणावं लागतं, जंगलात टाकून येता येत नाही. चौथा प्रश्न आमच्या नकाशात नव्हता. तो मला त्या गावातले जुने शिकारी कुदो-सान यांनी सांगितला, आणि तो शिकूनही मी त्याचं काय केलं, हेच या लेखात लिहायचं आहे.

गिऱ्हाइकांचे नमुने पुष्कळ पाहिले. टोकियोच्या एका दंतवैद्यांना हरणं भरपूर, मोबाइलची रेंज पूर्ण आणि दहा मिनिटांवर स्वच्छ शौचालय असा तुकडा हवा होता. मी प्रामाणिकपणे शोधून दिला. ते तीन दिवस तिथे बसले आणि एकही हरीण दिसलं नाही तरी नकाशाला पाच तारे देऊन गेले. एक निवृत्त शिक्षक दरवर्षी त्याच ओसाड तुकड्यात जायचे. मी त्यांना चांगला पर्याय सुचवला, तेव्हा ते संकोचून म्हणाले की त्या वाटेवरच्या दुकानातल्या शेवयांसाठी ते येतात, बंदूक ही घरी सांगायला असते.

असे किस्से मी मित्रमंडळींत रंगवून सांगतो. कुदो-सानांचा कधी सांगितला नाही.

ते तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. बायको वारलेली, मुलगी दूर सेन्दाईला. गावाच्या कचेरीतल्या निशिमुरा-सान नावाच्या बाईंनी माझी त्यांच्याशी गाठ घालून दिली. गावातल्या दुसऱ्या शिकाऱ्यांनी आमच्या नकाशाला दारातूनच वाटेला लावलं होतं. कुदो-सानांनी मात्र मला आत बसवलं, चहा दिला आणि माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, “माने-सान, हे बूट घालून आलात तर हरणांना दुसऱ्या डोंगरावरही ऐकू येईल.” मग माळ्यावरचे मुलीचे जुने बूट काढून दिले. ते मला बरोबर बसले. त्यावर ते बराच वेळ हसत होते.

पुढच्या दोन हिवाळ्यांत मी त्यांच्याबरोबर अकरा वेळा जंगलात गेलो. मागे मागे चालायचो, बोलायचो नाही. त्यांच्या खिशात आमचं जीपीएसचं छोटं यंत्र असायचं. ते कुठे थांबतात, कुठे वळतात, कुठे नेम धरतात, सगळं त्यात नोंदलं जायचं. ते बहुतेक एकाच ठिकाणी जात. सरकारी नंबर सदतीस. रस्त्यालगत एक लोखंडी फाटक, आत अर्ध्या तासाची चाल, मग डोंगराच्या दोन सोंडांच्या मधली अरुंद घळ. एका सोंडेवर ओकची जुनी झाडं होती, हरणं दुपारी तिथून खाली उतरत. बाहेरून पाहिलं तर तिथे काही असेल असं कुणाला वाटणार नाही. आमच्या नकाशालाही वाटलं नव्हतं.

मी एकदा विचारलं, की पलीकडे याहून मोठी खोरी आहेत, तिकडे का जात नाही. ते म्हणाले, “तिथे हरीण खाली पडतं आणि गाडी वर असते. इथे हरीण वर पडतं आणि गाडी खाली असते. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.”

हा सगळा हिशेब होता. प्लास्टिकच्या घसरगाडीवर हरीण बांधायचं, दोरी धरायची, उतारच ते फाटकापर्यंत आणून सोडतो. एकट्या म्हाताऱ्याला शिकार करता येईल अशी त्या भागात ती एकच जागा होती. ती गेली तर त्यांना दुसरी नव्हती. हे मला माहीत होतं. वहीत लिहूनही ठेवलं होतं.

आणखी एकदा, दगडावर बसून भाताचे गोळे खाताना, त्यांनी माझा फोन मागून घेतला, नकाशा वर-खाली केला आणि परत दिला. “हरणं कुठे असतील ते तुम्ही छान दाखवलंय. माणसं कुठे असतील ते दाखवलेलं नाही. मी सकाळी उठून पहिला विचार हरणांचा करत नाही, माणसांचा करतो. आज इथे आणखी कोण असेल? असेल तर मी घरी जातो.” हा चौथा प्रश्न.

प्रत्येक वेळी निघताना ते फ्रीझरमधून मांसाचं पुडकं काढून माझ्या हातात ठेवत. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोरीने बांधलेलं, वर पेनने तारीख. मी ते बर्फाच्या पेटीतून कुरियरने योकोहामाला पाठवायचो. सुजाता, माझी बायको, काळा मसाला घालून त्याचा रस्सा करायची. आमची मुलगी ईरा भाकरी कुस्करून खायची. पुढच्या भेटीत कुदो-सान पहिलं हेच विचारत, मुलीला आवडलं का.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडिलांचं एसटी स्टँडच्या भिंतीला लागून सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पत्र्याचं. त्या दुकानावर माझं शिक्षण झालं. गणिताच्या सरांनी मला शिकवणीची फी कधी मागितली नाही, आणि पदवीच्या फॉर्मवर सही करायला ते वडिलांबरोबर पुण्याला आले. जपानी भाषा मी पुण्यात, नोकरी सांभाळून, शब्द पाठ करून शिकलो. या सगळ्या माणसांचं माझ्यावर ऋण आहे, आणि मी काही चांगलं केलं की त्यांची आठवण होते. वाईट केलं तेव्हाही झाली.

मी डिप्लोमाला असताना, सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा, स्टँडच्या मागे मोजणी झाली. नवा रस्ता व्हायचा होता. मोजणीवाले साहेब नकाशा घेऊन दुकानासमोर उभे राहिले. वडिलांनी त्यांना बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. साहेबांनी विचारलं, दुकान रस्त्याच्या रेषेत येतंय, तुमची काही हरकत? वडील फडक्याला हात पुसत पुसत म्हणाले, “जागा सरकारचीच हाय की. माझी कुठली?” आणि मी, सर्वेक्षणाचा विद्यार्थी, वाकून नकाशा पाहिला आणि वडिलांना सांगितलं की रेषा बरोबर आहे. सव्वीस वर्षांचं दुकान एका सकाळी उचललं गेलं. नंतर वडील दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढत, आणि नव्या रस्त्याने जायचं टाळत.

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस कंपनीत नकाशाची परीक्षा झाली. कुदो-सानांच्या नोंदी घातल्यावर एक तुकडा सगळ्यांच्या वर आला. तो वगळला तर आमचा नकाशा एखाद्या बऱ्या शिकाऱ्याच्या अंदाजापेक्षा फार वेगळं काही सांगत नव्हता. गावाचा करार पुढे चालू राहणार का, हे त्या महिन्यात ठरायचं होतं. माझ्या हाताखाली चार माणसं होती आणि प्रमुख म्हणून ते माझं पहिलं काम होतं.

नियम असा होता, की कुणाच्या नोंदीतून जागा कळली असेल तर त्याची संमती घ्यायची. मी कुदो-सानांच्या घरी गेलो. मार्च महिना होता, दुपारची वेळ, अंगणातला बर्फ काळा पडला होता. मी शक्य तितक्या आदराच्या भाषेत विचारलं, की सदतीस नंबर नकाशावर दाखवला तर आपल्याला चालेल का.

त्यांनी दातांतून हळूच श्वास आत ओढला. मान थोडी कलती केली. चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ती जमीन सरकारची आहे. माझी थोडीच आहे.”

मी जपानमध्ये तेव्हा नऊ वर्षं काढली होती. दातांतून ओढलेला श्वास म्हणजे काय, हे इथे आलेल्या माणसाला सहा महिन्यांत कळतं. दुकानात, बँकेत, घरमालकाकडे, सगळीकडे ‘नको’ असंच म्हणतात. उघड नकार देऊन समोरच्याला अवघडून टाकायचं नसतं. समोरच्याने तेवढ्यावरून समजून विषय बदलायचा असतो. आणि ते वाक्य तर मी जपानला येण्याच्या कितीतरी आधी, एका पत्र्याच्या दुकानात ऐकलेलं होतं. दोन्ही भाषांत त्याचा अर्थ मला कळत होता.

मी वाकून त्यांचे आभार मानले. त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि फ्रीझरमधून पुडकं आणून माझ्या हातात ठेवलं.

अहवालात संमतीच्या रकान्यात मी लिहिलं: हरकत नाही.

माझे साहेब हायामा-सान यांनी तो रकाना वाचला. त्यांनी विचारलं, “कुदो-सान नेमकं काय म्हणाले?” मी सांगितलं, जमीन सरकारची आहे, असं म्हणाले. हायामा-सान जपानी होते. त्यांना कळायला एवढं पुरेसं होतं. ते म्हणाले, “तुम्ही स्वतः ऐकलंत ना?” मी हो म्हणालो. त्यांनी शिक्का मारला. जपानी माणसाने असं लिहिलं असतं तर त्याला परत पाठवलं असतं. मी परदेशी होतो. मला न कळणं शक्य होतं, आणि ते त्या दिवशी आम्हा दोघांच्याही सोयीचं होतं.

पुढच्या हंगामात सदतीस नंबर प्रसिद्ध झाला. फाटकाशी सकाळी पाच-पाच गाड्या उभ्या राहू लागल्या. कचेरीत समाधान होतं, करार वाढला, मला बढती मिळाली. मी गावी फोन करून वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, नेमकं काय केलंस रं? मी म्हणालो, नकाशा.

कुदो-सान पहाटेच उठून फाटकाशी येत, गाड्या मोजत आणि परत जात, असं निशिमुरा-सानांकडून कळलं. जानेवारीत एका दिवशी एकच गाडी होती, म्हणून आपला नियम मोडून ते आत गेले. त्या गाडीतून दोघे जण आले होते आणि समोरासमोरच्या दोन सोंडांवर बसले होते. त्यांच्यातल्या एकाने खाली उतरणाऱ्या हरणावर गोळी झाडली. ती कुदो-सानांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर एका बर्चच्या खोडात शिरली. त्यांच्या डोक्यावर नारिंगी टोपी होती. घळ अरुंद, त्यात तिसरा माणूस असेल असं त्या दोघांना वाटलंच नाही. नकाशात माणसं दाखवलेली नव्हती.

कुणाला इजा झाली नाही. पोलीस येऊन गेले, गोळी झाडणारा माणूस मिठाईचा खोका घेऊन माफी मागून गेला. दोन आठवड्यांनी कुदो-सानांनी आपली बंदूक आणि परवाना परत केला. कारण लिहिलं: दृष्टी कमी झाली.

गावाच्या कचेरीत बैठक झाली. मी होतो, हायामा-सान होते, निशिमुरा-सान होत्या, आणि समोर कुदो-सान. निशिमुरा-सानांनी फाइल उघडून विचारलं, की संमती घेतल्याचं इथे लिहिलंय, पण हे नेमकं कसं ठरलं होतं? त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडून काही निघण्याआधी कुदो-सान म्हणाले, “माझीच चूक. मी नीट बोललो नाही. बाहेरून आलेल्या माणसाला अशा गोष्टी कशा कळणार.” आणि माझ्याकडे बघून हलकेच मान झुकवली.

मला तिथे बोलता आलं असतं. मी सगळ्यांपेक्षा खाली वाकलो आणि म्हणालो, माझं जपानी कच्चं आहे, क्षमा असावी.

ज्या भाषेसाठी मी तीन वर्षं पुण्याच्या बसमध्ये उभ्याने शब्द पाठ केले, ती मला येत नाही असं मी त्या भाषेत, अगदी अचूक व्याकरणात सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठक संपली.

घरी सुजाताने विचारलं, या वेळी पुडकं कसं नाही? ईरा तेव्हा चौदा वर्षांची होती. ती जपानी शाळेत शिकते, आमच्याशी अर्धं जपानी, अर्धं मराठी बोलते. मी जेवताना दोघींना प्रकार सांगितला, बैठकीत सांगितला तसाच. ते म्हणाले जमीन सरकारची आहे, मला वाटलं त्यांची हरकत नाही. ईरा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

“पण बाबा, ते ‘नको’ म्हणाले ना. ते तर कुणालाही कळतं.”

“मला नाही कळलं,” मी म्हणालो.

“तू माझ्या शाळेत येऊन सेन्सेईंशी बोलतोस तेव्हा तुला सगळं कळतं,” ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

त्यानंतर मी कंपनीत चौथा प्रश्न लावून धरला. आता नकाशावर त्या दिवशी कुठल्या तुकड्यात किती जणांनी कळवलंय ते दिसतं, आणि एका मर्यादेपुढे तुकडा बंद होतो. गावातले म्हातारे शिकारी सांगतील ते तुकडे आधीच वगळतात, कारण विचारत नाहीत. सदतीस नंबरही काढला. पण लोकांच्या फोनमध्ये त्याचे जुने फोटो आहेत, आणि फाटकाशी अजून गाड्या असतात. या सुधारणेसाठी कंपनीत माझं कौतुक झालं. ते मी ऐकून घेतलं.

मागच्या वसंतात मी रजा काढून, स्वतःच्या खर्चाने, कुणाला न कळवता कुदो-सानांकडे गेलो. माळ्यावरचे ते बूट धुऊन, पिशवीत घालून बरोबर नेले होते. ते अंगणात काकडीच्या वेलासाठी काठ्या रोवत होते. मला पाहून आश्चर्य वाटलं तरी दाखवलं नाही. आत बसवलं, चहा ठेवला. मुलगी कशी आहे, विचारलं.

मी म्हणालो, “कुदो-सान, त्या दिवशी तुम्ही ‘नको’ म्हणालात ते मला कळलं होतं. तेव्हाच, या इथे बसून कळलं होतं. जपानी न येण्याचा प्रश्न नव्हता.”

जपानमध्ये माफी मागितली की समोरचा लगेच ‘छे छे, काही नाही’ म्हणतो. ती रीतच आहे, भांडखोर माणूसही ती पाळतो. कुदो-सान तसं म्हणाले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. भिंतीवर बंदुकीचं लोखंडी कपाट होतं, त्याचं दार आता उघडंच होतं आणि आत फावड्यांचे दांडे उभे केलेले होते. ते तिकडे बघत होते. मीही बघत राहिलो.

“हो,” ते म्हणाले. “तुम्हाला कळतं, हे मला माहीत होतं. अकरा वेळा तुम्ही माझ्या मागे चाललात. मी न बोलता थांबलो की तुम्ही थांबायचात.”

एवढंच. मी चहा संपवला, बुटांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि उठलो. ते दारापर्यंत आले. वाटेत फ्रीझर होता. त्यांचा हात सवयीने त्याच्या झाकणाकडे गेला, तिथे टेकला, आणि मग त्यांनी तो मागे घेतला. दारात उभं राहून ते माझ्यासमोर वाकले. मीही वाकलो.

मी तिथून रिकाम्या हाताने परतलो. इतक्या वर्षांत त्यांनी मला अनेक गोष्टी दिल्या, त्यात ही एकच मला माझ्या लायकीची वाटते. त्या दिवशी त्यांनी मला बाहेरून आलेला माणूस म्हणून सोडून दिलं नाही.